कापडापलीकडे दहा वल्ही

नदीकाठच्या एका वाडीत हरबा नावाचा भोई राहत असे. वाडी वीस-बावीस घरांची, सगळी नाव चालवणाऱ्या भोयांची. वाडीसमोर, नदीच्या वळणात, मोठं सखल रान होतं. तिथल्या राजाने ते रान जनावरांसाठी राखून ठेवलं होतं. तिथे कोणी बाण सोडायचा नाही, फास लावायचा नाही, कुऱ्हाड न्यायची नाही, असा हुकूम होता. रानाची राखण हरबाकडे होती. त्याच्या आधी ती त्याच्या बापाकडे होती.

दरवर्षी श्रावणात नदी फुगली की पाणी या रानात शिरे आणि महिनाभर तिथेच मुक्काम ठोके. झाडं कमरेपर्यंत बुडत. मग रानातली चितळं मधल्या एका टेकाडावर चढून बसत. टेकाड लहानसंच, चार खळी मांडली तर भरून जाईल एवढं. त्याच्या अलीकडे पाणी संथ होतं. पलीकडे मात्र नदीची मुख्य धार होती आणि ती भरली बैलगाडी ओढून नेईल अशी होती. चितळाला पोहता येतं, पण तसल्या धारेत त्याचा निभाव लागत नाही. आणि भेदरलेलं चितळ पाणी कसलं आहे ते बघत बसत नाही. पुढून भीती आली की ते मागच्या बाजूला उडी टाकतं.

म्हणून वाडीने एक रीत पाडली होती. पाणी रानात शिरलं की टेकाडापासून बऱ्याच अंतरावर असलेल्या एका जांभळीला पांढरं कापड बांधायचं. त्या कापडापुढे कुणाचीही नाव जायची नाही. शिवाय पाणी ओसरेपर्यंत सगळ्या वाडीने मुकं राहायचं. बैलांच्या गळ्यातल्या घंटा उतरवत. कुत्री बांधून ठेवत. वल्ह्यांना चिंध्या गुंडाळत. कुणाकडे बारसं असलं तर बायका पाळणासुद्धा पुटपुटत म्हणत. भांडायचं झालं तर तेही कुजबुजतच भांडावं लागे, आणि कुजबुजत भांडण्यात काही राम नसल्यामुळे श्रावणातली भांडणं लवकर मिटत.

हरबाला एकाच गोष्टीचा अभिमान होता. टेकाडावर जितकी चितळं चढली, तितकी पाणी ओसरल्यावर खाली उतरली, असं त्याच्या हयातीत दरवर्षी झालं होतं. त्या वर्षी एकवीस चढली होती. त्यांत तीन पाडसं होती, जेमतेम महिन्याची.

आता, एरवी अकरा महिने या रानात चितळ दिसायला नशीब लागे. पुरात मात्र सगळी एका जागी. ही बातमी शहरात पोचली आणि माणसं बघायला येऊ लागली. राजाने विचार केला की लोकांनी बघितलं तर त्यांना या जनावरांची माया लागेल. त्याने हुकूम काढला की दरबाराचं पत्र घेऊन येईल त्याला हरबाने नावेतून कापडापर्यंत न्यावं आणि तिथून दाखवावं. राजाचा विचार चांगला होता. पण राजा काही नावेत बसत नव्हता. नावेत हरबा बसत होता.

नावेत बसणारे पाहुणे कसे असतात, ते त्यालाच विचारावं. पहिला प्रश्न असतो, वाघ आहे का. नाही म्हटलं की तोंड उतरतं. मग एवढं पाणी कुठून आलं, असं विचारतात, तेही भर श्रावणात, नदीत बसून. मग कुणाला तहान लागते, कुणाला उतरायचं असतं, कुणाला चितळांनी इकडे तोंड करावं असं वाटतं. हरबा सगळ्यांना हळू आवाजात उत्तर देई आणि घरी येऊन डोक्याला फडकं बांधून पडे.

त्या वर्षी श्रावणाच्या मध्यावर दाजीसाहेब आले. हे दरबारातले जुने कारभारी. उभा जन्म त्यांनी राजाचे हुकूम लिहिण्यात घालवला होता आणि नुकतीच सेवेतून निवृत्ती घेतली होती. बरोबर त्यांच्या पत्नी माईसाहेब होत्या. दाजीसाहेब माणूस वाईट नव्हते. कधी कुणाला टाकून बोलत नसत, नोकरालाही ‘बाबा रे’ म्हणत. एकच खोड होती. चाळीस वर्षं हुकूम लिहिल्यामुळे कुठल्या हुकमात फट कुठे असते ते शोधायची त्यांना सवय लागली होती. ‘नाही’ हा शब्द त्यांच्या कानात शिरे, पण आत जाऊन बसत नसे.

पहिल्या दिवशी हरबाने त्यांना कापडापर्यंत नेलं आणि नाव जांभळीला बांधली. लांबवर टेकाड दिसत होतं आणि त्यावर तांबूस ठिपके.

“ती चितळं का ढेकळं?” दाजीसाहेबांनी विचारलं.

“चितळं हायती, सायेब.”

“मग जरा पुढे घे ना.”

“कापडाच्या म्होरं नाव जात न्हाई, सायेब. बिथरली तर मागं उडी घेत्यात. मागं धार हाय.”

“बरोबर आहे,” दाजीसाहेब म्हणाले. कापडाकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, “नाव जात नाही. तराफा जातो का?”

“न्हाई, सायेब.”

“पण हुकमात ‘नाव’ असंच लिहिलंय. मला ठाऊक आहे, तो मीच लिहिलाय.”

हरबाने त्यांना पुन्हा सगळं समजावलं. दाजीसाहेबांनी मान डोलावली. परत येताना त्यांनी आणखी चार वेळा विचारलं. पाण्यातून चालत गेलं तर? अगदी हळू गेलं तर? फक्त आपण दोघंच गेलो तर? आणि नाव उलटी वल्हवत, म्हणजे पाठ करून गेलो, तर चितळांना ती लांब चालल्यासारखी वाटेल का? या शेवटच्या प्रश्नावर हरबाने त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. ते थट्टा करत नव्हते.

त्या दिवशीच ते परत जायचे, पण वाटेवरच्या ओढ्याला पाणी चढलं आणि शहराची वाट बंद झाली. मुक्काम वाडीतच पडला. पत्र दरबाराचं, म्हणजे रोज दाखवणं आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाव निघाली. या वेळी माईसाहेबांनी डबा घेतला होता. त्यात बेसनाचे लाडू होते.

“बिचारी पावसात उपाशी असतील रे, हरबा. दोन-दोन तरी देऊ या.”

“चितळं लाडू खात न्हाईत, आईसायेब.”

“तू कधी देऊन पाहिलेस का?”

हरबाने कधी देऊन पाहिले नव्हते. त्यामुळे त्याला उत्तर देता येईना, आणि माईसाहेबांना वाटलं की आपलं म्हणणं पटलं. तेवढ्यात दाजीसाहेबांना नवी वाट सापडली होती. ते कापडाकडे बोट दाखवून म्हणाले, “बाबा रे, नियम काय, की कापडापुढे जायचं नाही. मान्य. मग हे कापडच सोडून त्या पुढच्या झाडाला बांधू या. नियमही राहिला, कामही झालं.”

हरबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसरं काही असतं तर तो गरजला असता. त्याचा आवाज काही लहान नव्हता, या काठावरून त्या काठाच्या माणसाला तो हाक मारू शके. पण इथे ओरडायची सोय नव्हती. मुका महिना. त्याने दात-ओठ खाल्ले आणि कुजबुजत म्हणाला, “कापड माझ्या बापानं बांधलेल्या जागी हाय. ते हलत न्हाई.”

“रागावू नकोस. मी आपलं सहज विचारलं.”

आणि खरोखर ते सहजच विचारत होते. तोच तर सगळा जाच होता. धमकी दिली असती तर हरबा ताठ उभा राहिला असता. हातावर मोहरा ठेवल्या असत्या तर त्याने त्या पाण्यात फेकल्या असत्या. पण या माणसाशी लढायचं कसं? तो हसून विचारतो, नाही म्हटलं तर रागावत नाही, आणि पाणी प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळाने पुन्हा हसून विचारतो. संध्याकाळी ओसरीवर विचारलं. जेवताना विचारलं. हात धुताना, “एक शेवटचं विचारतो,” म्हणून विचारलं, आणि ते काही शेवटचं नव्हतं.

हरबाची बायको गोदा म्हणाली, “अवं, तुमी नुसतं न्हाई म्हना आन् तोंड फिरवा.”

“तेच करतोय,” हरबा म्हणाला. “मान दुखाय लागली माझी.”

तिसऱ्या दिवशी सकाळी हरबाच्या कपाळात ठणका होता. पाणी आता ओसरायला लागणार होतं, आठ-दहा दिवसांचा प्रश्न होता. हरबा मनाशी म्हणाला, आजचा दिवस काढला की ओढा उतरेल आणि ही ब्याद जाईल. नाव जांभळीशी आली. दाजीसाहेबांनी घसा खाकरला. हरबाने डोळे मिटून घेतले.

“बाबा रे, मी काय म्हणतो, कापडापासून टेकाडापर्यंत साधारण तीस वल्ह्यांचं, म्हणजे तीसदा वल्हं मारण्याएवढं अंतर असेल. त्यातली दहा वल्ही पुढे गेलो, तर वीस उरतातच की. दहाने काय होणार? तूच सांग. नाही, मला समजून घ्यायचंय.”

आणि हरबाच्या तोंडून शब्द गेला.

“बरं,” तो म्हणाला. “चला. धा वल्ही. मोजून धा. बगा एकदाचं, आन् मग माझ्यासंगं बोलू नगा.”

त्याला पटलं होतं असं नाही. तो भ्याला होता असंही नाही. त्याला फक्त थोडी शांतता हवी होती. कान किटले होते, डोकं पिकलं होतं. त्या घटकेला त्याने टेकाडाकडे बघितलंसुद्धा नाही, तो दाजीसाहेबांकडे बघत होता.

एक, दोन, तीन करत दहा वल्ही झाली आणि नाव थांबली. काहीच झालं नाही. चितळं उठून उभी राहिली, कान इकडे वळले, पण जागची हलली नाहीत. आता ती नीट दिसत होती. अंगावरचे ठिपके दिसत होते. आईच्या पोटाखाली उभं असलेलं पाडस दिसत होतं, त्याचे पाय थरथरत होते. दाजीसाहेब खरोखरच गप्प झाले. तीन दिवसांत पहिल्यांदा. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. जन्मभर कागदावर ‘वन्य जनावरे’ असं लिहिलेल्या माणसाने ती आज पहिल्यांदा बघितली होती. हरबाच्या मनात आलं, दहाने खरंच काही झालं नाही. त्याला हलकं वाटलं, आणि लगेच आपल्याला हलकं वाटतंय याची लाजही वाटली. नाव मागे घ्यावी म्हणून त्याने वल्हं उचललं.

तेवढ्यात पावसाची बारीक सर आली. दाजीसाहेबांना आदल्या रात्रीपासून सर्दी होती. माईसाहेबांनी नवऱ्याच्या डोक्यावर धरायला आपली मोठी काळी छत्री उघडली. तिच्या काड्या फट् करून ताठ झाल्या.

बाईंचा यात दोष काय? भिजणाऱ्या नवऱ्यावर छत्री धरली एवढाच. जांभळीपाशी ती उघडली असती तर टेकाडावर कुणाला पत्ताही लागला नसता. पण चितळांना एवढ्या जवळ, पाण्यातून, एकदम काहीतरी काळं फुगून वर आलेलं दिसलं. एका म्हाताऱ्या नराने पाय आपटला आणि कर्कश ओरडला. सगळा कळप वळला. हरबाने वल्हं टाकून दोन्ही हात वर केले, जणू त्याने हात केला म्हणून ती थांबणार होती. टेकाडाच्या पलीकडच्या कडेवरून आधी एक गेलं, मग दोन, मग मोजता येईनात इतकी एकदम.

हरबा ओरडला. मुका महिना मोडून तो असा ओरडला की वाडीतून सगळी माणसं काठावर आली. सात नावा सुटल्या. संध्याकाळपर्यंत भोई त्या धारेशी झगडत होते. काही चितळं स्वतःच वळून टेकाडावर परत चढली. काही खाली दोन कोसांवर एका उसाच्या फडात जिवंत सापडली, त्यांना दोरांनी आणि हातांनी काठावर घेतलं. हरबाने स्वतः एक मादी पाण्याबाहेर काढली, तिने त्याच्या छातीत खूर मारले तरी त्याने तिला सोडलं नाही. सांजावल्यावर मोजणी झाली. चौदा होती. सात गेली होती. तिन्ही पाडसं त्या सातांत होती.

हरबा घरी येऊन ओसरीवर बसला, अंगावरून पाणी गळत होतं. दाजीसाहेब तिथेच बसले होते. माईसाहेब एका कोपऱ्यात तोंडाला पदर लावून रडत होत्या. दाजीसाहेबांचा चेहरा उतरला होता. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. ते म्हणाले, “बाबा रे, हे इतकं नाजूक प्रकरण आहे, हे तू आम्हाला आधी बजावून सांगायला हवं होतंस.”

हरबा उठला आणि ओले दोर खुंटीला टांगू लागला.

दुसऱ्या दिवशी राजाच्या रानांचा मुख्य राखणदार, येसाजी नाईक, घोडं पोहवत ओढा ओलांडून आला. खालच्या उसाच्या फडावरून बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. त्याने सगळ्यांना वडाखाली बोलावलं आणि विचारलं, “नाव कापडापुढं कशी गेली?”

दाजीसाहेब उठले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. “मी विचारलं, जाता येईल का,” ते म्हणाले. “त्याने नेलं. आम्ही काही वल्हं धरलं नव्हतं. तो नाही म्हणाला असता, तर आमचा आग्रह नव्हता.”

हे ऐकून सगळी वाडी चुळबुळली. गोदाने तर हरबाच्या दंडाला चिमटा काढला. “सांगा की,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “किती येळा न्हाई म्हनला, ते सांगा की. मी हाय साक्षीला.”

सांगण्यासारखं हरबाकडे पुष्कळ होतं. तराफा, उलटी नाव, लाडू, कापड पुढच्या झाडाला. एकेक सांगितलं असतं तर नाईकही हसला असता, आणि मग संतापला असता, आणि दाजीसाहेबांना खाली मान घालून शहरात जावं लागलं असतं. सगळी वाडी हरबाच्या बाजूने बोलायला तयार होती. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. हरबाने बोलायला तोंडही उघडलं.

पण ते सगळं जुळवताना त्याच्या मनात वेगळाच हिशोब लागला. तो उभा राहिला.

“नाईक,” तो म्हणाला, “सायेबांनी लई डोकं खाल्लं माझं. ते खरं हाय. पर ते तर तीन दिस खात व्हते. पैले दोन दिस एकवीसच्या एकवीस चितळं टेकाडावर उभी व्हती. तिसऱ्या दिशी सायेब तेच व्हते, त्यांचं इचारनं तेच व्हतं, पानी तेच व्हतं. बदललं ते माझं उत्तर.”

नाईक दोन पावलं हरबाजवळ आला.

“किती वेळा नाही म्हणालास?” त्याने विचारलं.

“मोजलं न्हाई. चाळीस-पन्नास तरी असंल.”

“मग एकदा बरं का म्हणालास?”

“कटाळा आला म्हनून,” हरबा म्हणाला. “त्यांनी गप बसावं म्हनून. सात जीव गेले ते मला घटकाभर गप पायजे व्हतं म्हनून गेले.”

गोदाने चिमटा सोडला आणि ती खाली बघू लागली. नाईकाने दाजीसाहेबांकडे तोंड वळवलं. आता त्यांची पाळी होती, आणि जन्मभर प्रत्येक उत्तरावर पुढचा प्रश्न तयार ठेवणारे ते गृहस्थ ओठ हलवत उभे राहिले. या उत्तरात त्यांना फट सापडली नाही. त्यांनी पुढे होऊन हरबाचे हात धरायचा प्रयत्न केला, पण हरबाच्या हातांवर दोरांचे वळ उठले होते, ते धरवत नव्हते.

तात्पर्य: समोरचा पिच्छा सोडत नाही म्हणून वैतागून दिलेला होकार हा आपलाच होकार असतो, आपल्याला घटकाभर शांतता मिळते, आणि तिची किंमत भलत्याच कुणाला तरी मोजावी लागते.